दुबार

ताईंचा फोन आला तेव्हा मी रिक्षात होते. "आमचा माणूस तुम्ही लोकांनी कुणाला विचारून खोडलात?" एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

आमची वेबसाइट म्हणजे तीन माणसं, भाड्याची एक खोली आणि वाचकांची वर्गणी. गटारात, मैल्याच्या टाकीत उतरून जीव गमावलेल्या कामगारांची महाराष्ट्रापुरती यादी करायचं आम्ही ठरवलं, त्याला कारण घडलं होतं. जुलै २०२१ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं, की हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत संसदेतच सांगितलं गेलं होतं, की गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना पाच वर्षांत ३४० माणसं गेली. २०१३ च्या कायद्यात या दोन कामांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत, म्हणून दोन्ही उत्तरं देता आली. ती शेजारी शेजारी ठेवून वाचली, त्या रात्री मला झोप लागली नाही.

यादीची सुरुवात ताईंच्या वहीपासून झाली. वीस वर्षांपासून त्या सफाई कामगारांच्या संघटनेत आहेत. वस्तीतून फोन आला की आधी शवागार, मग पोलीस ठाणं आणि मग घर, अशी त्यांची वाट ठरलेली. पुठ्ठ्याच्या लांब वहीत प्रत्येक माणसासाठी एक ओळ. त्यांनी वही वाचू दिली, कागद मात्र दिले नाहीत. पूर्वी कुणी अभ्यासक मूळ पोस्टमॉर्टेमचे कागद घेऊन गेला तो परत आलाच नाही, आणि एका बातमीत घरच्यांचा फोन नंबरसुद्धा छापून आला होता. मी तीनदा मागितले, तीनदा नाही म्हणाल्या.

आमचा नियम साधा होता. एफआयआर, पोस्टमॉर्टेम किंवा ठाण्यातली अकस्मात मृत्यूची नोंद, यातलं काहीतरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. वहीतल्या दोन ओळी त्यात बसल्या नाहीत. एक माणूस विहिरीतला गाळ काढताना गेला होता. ती नोंद या यादीत येत नाही असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. दुसऱ्या ओळीत वहीतल्या तिच्या वरच्याच ओळीतलं नाव होतं, तेच आडनाव, तीच सोसायटी, तीच तारीख. यादीखाली मी लिहिलं : 'संघटनेच्या दोन नोंदींना पुष्टी मिळाली नाही. त्यातली एक दुबार दिसते.'

ती दोन माणसं होती. चुलतभाऊ. घरी एकाला मोठा म्हणत, दुसऱ्याला छोटा.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. झाकण काढल्यावर सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण वायू फार वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो, आणि माणसाला वाटतं आता हवा मोकळी झाली. खाली उतरलेला कोसळतो. वरचा हाका मारतो, उत्तर येत नाही, म्हणून तोही उतरतो. हे सगळं मी यादीच्या प्रस्तावनेत सविस्तर लिहिलं होतं. तरीही एकाच टाकीची एकाच दिवशीची दुसरी ओळ पाहून, मागोमाग उतरलेला माणूस माझ्या मनात आला नाही.

छोट्याला जिवंत वर काढलं होतं. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वारला. दवाखाना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, त्यामुळे अकस्मात मृत्यूची नोंद तिथे झाली. आम्ही माहिती अधिकारात अर्ज केला होता तो सोसायटीच्या ठाण्यात. वडिलांची नावं वेगळी होती, पण आमच्या तक्त्यात वडिलांच्या नावाचा रकानाच नव्हता.

छोट्याच्या बायकोने भरपाईसाठी अर्ज केला होता. १९९३ पासून अशा कामात गेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितलं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोवंडीच्या तीन विधवांच्या बाजूने निकाल दिला, आणि टाकी खाजगी सोसायटीची असली तरी भरपाई सरकारने द्यायची, हेही स्पष्ट झालं. त्या निकालाची प्रत घेऊन ताई तिच्यासोबत कचेरीत गेल्या होत्या. तिथल्या साहेबांनी आमच्या पानाची छापील प्रत पुढे सरकवली. "पत्रकारच दुबार म्हणतायत, बाई."

संध्याकाळी मी संघटनेच्या खोलीवर गेले. ताईंनी चहा विचारला नाही. मी म्हटलं, "ताई, दवाखान्याचा कागद दाखवला असतात तर हे झालं नसतं." त्या म्हणाल्या, "आणि तू एक फोन केला असतास तर?"

कागद पाहिल्याशिवाय नाव छापायचं नाही, हा आग्रह मी सोडलेला नाही. 'पुष्टी मिळाली नाही' हे खरंच होतं. 'दुबार' हा माझा अंदाज होता, आणि तो मी माहिती म्हणून छापला. ज्यांनी वीस वर्षं शवागारात उभं राहून ती वही भरली, त्यांना न विचारता छापला. हे मी ताईंना त्याच शब्दांत सांगितलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग कपाटातून फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. "इथेच बसून वाच. फोटो काढायचा नाही."

त्याच रात्री दुरुस्ती टाकली. जुनं वाक्य पुसलं नाही, त्यावर रेघ मारून खाली चूक काय झाली ते लिहिलं. तक्त्यात वडिलांचं नाव, टाकीत उतरल्याची तारीख, मृत्यूची तारीख आणि दवाखाना असे रकाने वाढवले. विहिरीतला माणूस ताईंच्या वहीत आहे, आमच्या यादीत नाही. त्यावरून आमचं अजून वाजतं.

पुढच्या सुनावणीसाठी मी सही करून पत्र दिलं. कचेरीबाहेरच्या बाकावर वहिनींनी, म्हणजे छोट्याच्या बायकोने, ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. मध्येच थांबवून विचारलं, "सासऱ्यांचं नाव लिहिलंय ना?"

मी कागद त्यांच्यासमोर धरला आणि त्या नावाखाली बोट ठेवलं.