तिकीट देतं कोण?

निवडणूक जवळ आली की आपल्या वर्तमानपत्रांत तीन शब्द हमखास दिसू लागतात. निष्ठावंत, आयाराम आणि उपरा. निष्ठावंताने वर्षानुवर्षं सतरंज्या उचलायच्या, आयारामाने आदल्या रात्री पक्षात यायचं आणि सकाळी तिकीट घेऊन जायचं, आणि उपऱ्याने सगळ्यांच्या शिव्या खायच्या. मला गंमत वाटते ती वेगळीच. या तिघांतल्या कुणाला तिकीट द्यायचं हे नक्की ठरवलं कुणी, ते त्या बातमीत कधी नसतंच. फार तर 'श्रेष्ठी' एवढा एक शब्द असतो.

अमेरिकेत दर चार वर्षांनी एक प्रश्न चघळला जातो. पक्षाबाहेरचा माणूस पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकून अध्यक्षपदाचा उमेदवार होऊ शकतो का? २०१५ साली बहुतेक जाणकार 'छे, शक्यच नाही' म्हणत होते. मग ट्रम्प आले. त्याआधी हा गृहस्थ कुठल्याच पदावर निवडून आलेला नव्हता. झालं, तेव्हापासून सगळे जाणकार 'हो, का नाही?' म्हणायला लागले. मला हा प्रश्नच अर्धा वाटतो. बाहेरचा माणूस किती दमदार आहे यावर फारसं काही ठरत नाही. मत द्यायला कोण येणार, आणि त्यांची यादी कुणी केली, यावर ठरतं.

आमच्या हवेली तालुक्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. सोसायटीची निवडणूक असो की साखर कारखान्याची, ती मतदानाच्या दिवशी सुरू होत नाही. सभासदांची यादी पक्की होते त्या दिवशीच ती निम्मी उरकलेली असते. कुणाचे शेअर्स मंजूर झाले, कुणाचं नाव थकबाकीदार म्हणून गळलं, मयत सभासदांच्या वारसांच्या नोंदी झाल्या की राहिल्या, यावर लोणीच्या पारांवर जितकी भांडणं झाली तितकी उमेदवारांवरून झाली नसतील.

हेच चित्र मोठ्या पडद्यावर पाहायचं तर १९९७ आठवा. काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. सीताराम केसरी आधीपासून अध्यक्ष, आणि त्यांच्यासमोर आपल्या जिल्ह्यातले शरद पवार आणि राजेश पायलट. पवार तोवर तीनदा मुख्यमंत्री आणि देशाचे संरक्षणमंत्रीही झालेले. त्यांना उपरा कोण म्हणेल? पण दिल्लीच्या हिशेबात ते बाहेरचेच. १९७८ साली पक्ष सोडून वेगळं सरकार केलेलं, १९८६ मध्ये परत आलेले. आमच्या शिक्षकखोलीत त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. मराठी माणूस काँग्रेसचा अध्यक्ष होणार, या कल्पनेनेच आमचे एक सर चहाचे पैसे द्यायला लागले होते! निकाल लागला. केसरी ६२२४, पवार ८८२, पायलट ३५४. ज्या प्रतिनिधींनी मतं दिली ते पक्षाच्याच यंत्रणेतून आलेले होते आणि यंत्रणा विद्यमान अध्यक्षांच्या हातात होती. मग दुसरं काय होणार?

याची दुसरी बाजू तर आणखी बोलकी आहे. त्याच १९९७ साली सोनिया गांधी पक्षाच्या प्राथमिक सदस्य झाल्या, आणि मार्च १९९८ मध्ये त्याच केसरींना बाजूला करून कार्यसमितीने त्यांना अध्यक्ष केलं. म्हणजे सदस्यत्वाची पावती जुनी की नवी, यावरही आतला-बाहेरचा ठरत नाही. २००० साली जितेंद्र प्रसाद त्यांच्याविरुद्ध उभे राहिले, त्यांना ९४ मतं पडली. पुढे २०२२ मध्ये खर्गे आणि थरूर यांची लढत झाली. खर्गे ७८९७, थरूर १०७२. त्या वेळी थरूर आणि आणखी काही खासदारांनी निवडणुकीआधी एकच मागणी लावून धरली होती ती मला फार महत्त्वाची वाटते. मतदारांची यादी आम्हाला दाखवा! उमेदवाराला आपले मतदार कोण हेच विचारत फिरावं लागलं, आता बोला.

आपल्याकडे अमेरिकेसारखी प्राथमिक निवडणूक करून पाहायचा प्रयोगही झालाय, बऱ्याच जणांना तो आठवत नसेल. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींनी देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत उमेदवार कार्यकर्त्यांच्या मतदानाने ठरवायचं असं काढलं. त्यात आपलं वर्धाही होतं. हेतू चांगलाच होता, ज्याला गॉडफादर नाही त्याला संधी मिळावी. प्रत्यक्षात लढत कुणात झाली? तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे, आणि माजी प्रदेशाध्यक्ष प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस. मेघे जिंकले. मतदार होते पक्षाचे पदाधिकारी आणि आजी-माजी लोकप्रतिनिधी, म्हणजे पुन्हा घरातलीच माणसं. मे महिन्यात खऱ्या निवडणुकीत भाजपच्या रामदास तडस यांनी मेघेंना दोन लाखांहून अधिक मतांनी हरवलं. त्यानंतर त्या प्रयोगाचं नाव कुणी काढलं नाही. मला मात्र वाईट वाटतं. प्रयोग फसला म्हणतात, पण तो पुरता झाला तरी कुठे होता?

अमेरिकेतही हे दार पहिल्यापासून उघडं नव्हतं. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. पक्षातल्या बड्यांनी ठरवलं, झालं. शिकागोच्या अधिवेशनात आणि बाहेर रस्त्यावर त्यावरून रण माजलं. मग समिती बसली, नियम बदलले, आणि प्रतिनिधी निवडायचं काम बरंचसं साध्या मतदारांकडे गेलं. १९७२ मध्ये उमेदवारी मिळाली ती मॅकगव्हर्न यांना, आणि तेच त्या समितीचे पहिले अध्यक्ष! (आपल्याकडे असं झालं असतं तर काय काय म्हटलं असतं आपण.) १९७६ मध्ये जॉर्जियाचे शेंगदाणेवाले कार्टर आले, त्यांना आधी फारसं कुणी ओळखतही नव्हतं.

ट्रम्प यांचंही गणित पाहण्यासारखं आहे. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे सतरा उमेदवार होते. साउथ कॅरोलिनात ट्रम्पना एक तृतीयांशाहून थोडी कमी मतं पडली, आणि राज्यातले पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी मिळाले. विरोधक एकमेकांची मतं खात बसले. त्याच साली तिकडे बर्नी सँडर्स, आयुष्यभर अपक्ष म्हणवणारे, डेमोक्रॅटिक पक्षात शिरून चांगले लढले पण हरले. त्या पक्षात सातशेच्या वर असे प्रतिनिधी होते ज्यांना मतदारांनी निवडलेलं नव्हतं, पदामुळे ते आपोआप आलेले. ओरड झाली तेव्हा २०१८ मध्ये त्यांचा पहिल्या फेरीतला मताचा अधिकार काढला. दार थोडं आणखी उघडलं. पण २०२४ मध्ये बायडेन जुलैत बाजूला झाले आणि कमला हॅरिस प्राथमिक निवडणुकीत न उतरताच उमेदवार झाल्या. बड्यांच्या हातातली किल्ली अजून पूर्ण गेलेली नाही.

आणि आता आपल्या माणसाविषयी. श्री ठाणेदार यांचं 'ही श्रींची इच्छा' हे पुस्तक तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. बेळगावच्या ओढगस्तीच्या घरातला मुलगा, रसायनशास्त्र शिकला, १९७९ साली अमेरिकेला गेला, उद्योजक झाला. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले. स्वतःचे एक कोटी डॉलर घातले आणि शेकडा अठरा मतं घेऊन तिसरे आले. माझी पुतणी मिशिगनलाच असते. तिला मी उत्साहाने विचारलं, मत दिलंस ना गं आपल्या माणसाला? ती म्हणाली, "काकू, आपला म्हणून नाही दिलं, मला ती व्हिटमर बरी वाटली." मी जरा हिरमुसले. पण त्यापुढे तिने जे सांगितलं ते मी तिला दोनदा सांगायला लावलं. मिशिगनमध्ये मतदार कुठल्या पक्षाचा अशी नोंदच नसते. एकाच मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने, त्यांतला एक निवडायचा आणि त्यातच शिक्के मारायचे. पावती नाही, वर्गणी नाही, कुणा तालुकाध्यक्षाची शिफारस नाही.

२०२२ मध्ये ठाणेदार डेट्रॉइट भागातून काँग्रेससाठी उभे राहिले. नऊ उमेदवार होते. शहरातले बरेच वजनदार पुढारी दुसऱ्याच्या मागे होते. तरी ठाणेदारांना शेकडा अठ्ठावीस मतं पडली आणि तेवढ्यावर ते जिंकले. नोव्हेंबरात खासदार झाले, २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण आनंदाने पेढे वाटावेत असंही वाटेना. डेट्रॉइट हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं शहर, आणि १९५० च्या दशकानंतर प्रथमच तिथून एकही कृष्णवर्णीय खासदार दिल्लीला, म्हणजे वॉशिंग्टनला, गेला नाही. शंभरातल्या बहात्तर जणांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. उघड्या दारातून पैसेवाला आधी आत येतो, हेही खरंच आहे. लोणीत बाहेरचा बंगलेवाला येऊन असा निवडून आला असता तर आपण काय म्हटलं असतं?

तरीसुद्धा मला ते दार हवंसं वाटतं, आणि त्याला कारण माझा एक विद्यार्थी. २०१७ च्या जिल्हा परिषदेला त्याने एका पक्षाकडे तिकीट मागितलं. पक्षाचं नाव सांगत नाही, त्या जागी कुठलंही घाला. पोरगा शेतकऱ्याचा, घराण्यात कुणी साधा पंचही नाही. मुलाखतीला गेला तेव्हा त्याने वस्त्यांवरच्या पाण्याच्या योजनेचं टिपण करून नेलं होतं. विचारलं काय? खर्च किती करशील आणि भावकीची घरं किती. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तीन वाजायला आले तरी एबी फॉर्म आला नाही. तो गेला दुसऱ्याच माणसाच्या हातात, आणि तो माणूस आठवड्यापूर्वी दुसऱ्या पक्षात होता.

संध्याकाळी घरी आला. रडला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "बाई, चारांतला एक मतदार निवडतो हे तुम्ही शिकवलंत. ते चार कोण निवडतो, तो धडा पुस्तकात नव्हता." खरंच नव्हता. कायद्यातही नाही म्हटलं तरी चालेल. पक्षाने अधिकार दिलेल्या माणसाची सही एबी फॉर्मवर असली की काम झालं, ती सही कशी ठरली हे निवडणूक अधिकारी विचारत नाही. विधी आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करा असं सुचवलं होतं. कायदा करायचा कुणी, तर त्याच पक्षांनी.

मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी अपक्ष उभा राहा. हसला. "चिन्ह घरोघर पोचवायला दहा दिवसही मिळत नाहीत, बाई." आता त्याचं सोलापूर रस्त्यावर खतं-बियाण्यांचं दुकान आहे. पाणी योजनेचं ते टिपण त्याने ग्रामसभेत वाचून दाखवलं. कुठल्या पक्षाच्या मुलाखतीला मात्र तो परत गेलेला नाही.