राघूची सोय कोणी पाहायची?

बंगळूरहून होसूरकडे निघाले, की कारखान्यांच्या गर्दीत बोम्मसंद्रा लागते. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोही इथवर येते. डॉ. देवी शेट्टी यांनी २००० साली उभारलेल्या नारायण हृदयालयामुळे हे नाव घरोघरी पोहोचले. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी इथे दूरदूरहून माणसे येतात. फाइली, औषधे, कपडे आठवणीने घेतात. घरी पिंजऱ्यातला पोपट मात्र मागे राहतो.

शेजाऱ्याला किल्ली दिली म्हणजे झाले, असे नाही. पोपटाला दाणापाण्याइतकीच सोबत लागते. एकटा पडला, तर तो स्वतःची पिसे उपटू लागतो. म्हणून सांभाळणाऱ्याची ओळख आधीच करून द्यावी. त्याचा आहार, सवयी, पशुवैद्याचा फोन कागदावर लिहून ठेवावा. चॉकलेट, ॲव्होकाडो वर्ज्य. तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूरही घातक. ताप-खोकला असल्यास घरात पोपट असल्याचे डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण त्याच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला सिटॅकोसिस होऊ शकतो. घरी परतल्यावरही पिंजऱ्याची सफाई काही दिवस दुसऱ्याकडेच असू द्यावी.

हे सारे परदेशी जातींबद्दल. आपला देशी राघू पाळायला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. त्याची जागा झाडावरच!