प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर यांस अनावृत पत्र

मा. प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर यांस,


पत्रास कारण की, माझी गोळी पुन्हा बदलली. प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणाऱ्या डायनोजेस्टने पाळी थांबली, कळा थांबल्या नाहीत. डाव्या बीजकोशातली चॉकलेट सिस्ट आहे तशीच आहे. “औषध पोचतंय, पण ते ऐकणारंच कमी झालंय,” असं डॉक्टर म्हणाल्या आणि तुमचं नाव निघालं.

रागावण्याआधी आभार मानते. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन ‘आता पुरे’ म्हणतं आणि तो निरोप पेशीच्या केंद्रकात तुम्ही लागू करता. किती महिने केलंत हे, विनातक्रार! पण तसंच अस्तर बीजकोशावर, आतड्यामागे रुजलं (एंडोमेट्रिओसिस म्हणतात या आजाराला) आणि तिथे तुम्ही दिसेनासे झालात. तुमचं जनुक शाबूत आहे. त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट चिकटले आणि दाराला आतून कडी लागली. तुमच्या ‘बी’ प्रकाराबाबत हे 2006 साली दिसलं. पुढच्याच वर्षी शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सेरदार बुलुन यांच्या गटाला उलटा प्रकार आढळला: इस्ट्रोजेनच्या बीटा रिसेप्टरच्या जनुकावर निरोगी अस्तरात जे मिथाइल असतं, ते या रोगट पेशींत फार कमी होतं. म्हणजे तो मोकाट, तुम्ही कोंडलेले. वर या पेशी ॲरोमॅटेज हे विकर वापरून स्वतःच इस्ट्रोजेन तयार करतात. त्याने प्रोस्टाग्लँडिन वाढतं, त्याने पुन्हा ॲरोमॅटेज. आणि कळा सोसायच्या मी.

शाळेत असताना मी बाकावर पोट दाबून बसायचे, आठवतं? घरी आत्या ओव्याचं पाणी द्यायची, शेकायची पिशवी भरायची (ती अजून उशाशी असते) आणि म्हणायची, “लग्न झालं की थांबेल.” तिचंही दुखायचं, तिने कुणाला सांगितलं नाही. तिच्यावर राग नाही. ‘सहन कर’ हाच उपचार मानला गेला, त्याचा आहे. जगात प्रजननक्षम वयातल्या सुमारे 19 कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे, आणि निदानाला अनेकदा वर्षं जातात.

प्रयोगशाळेतल्या पेशींत मिथाइल हटवणाऱ्या द्रव्यांनी तुम्ही परत आलात, असं वाचलं. त्या दिवशी फार बरं वाटलं. पण ती द्रव्यं शरीरात भलत्याच जनुकांनाही जागं करतील, म्हणून मला ती कुणी देत नाही, देऊही नये. नेमकं तुम्हालाच सोडवणारं औषध निघेल तेव्हा मात्र या, उशीर झाला तरी या.

तोवर हे पत्र वाचणाऱ्या आईबापांना एक विनंती: पाळीच्या दुखण्याने मुलगी शाळा बुडवत असेल, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. लग्नाची वाट पाहू नका.

कळावे,
आपली जुनी परिचित