जालन्याच्या काळ्या मातीतील जीप

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की जालना जिल्ह्यातील वाटांची विभागणी होते. डांबरी सडकांवरील वाहतूक थोडीफार मंदावते, इतकेच. परंतु सडकेवरून शेताकडे वळणाऱ्या पाणंदी काही काळ जणू नाहीशाच होतात. येथील काळी माती उन्हाळ्यात एवढी भेगाळते की भेगेत हात घातल्यास मनगट दिसेनासे व्हावे. पाणी पडताच तीच माती फुगते, भेगा मिटवते, लोण्यासारखी मऊ होते आणि जे स्पर्शेल त्याला चिकटते. माणसाच्या वहाणा जड होतात. मोटारसायकलचे चाक आणि मडगार्ड यांमधील जागा चिखलाने भरून चाक फिरेनासे होते. म्हणून अनेक शेतकरी पावसाळ्यापुरते पुढचे मडगार्ड काढूनच ठेवतात. ट्रॅक्टर जातो, पण जाताना दोन खोल चाकोऱ्या पाडून जातो, आणि त्यांत साचलेले पाणी पुढील आठवडाभर त्या वाटेचा ताबा सोडत नाही. मग सर्वांनी वाफशाची वाट पाहायची. पाऊस उघडून, वरचे पाणी मुरून, माती पायाला न चिकटण्याइतकी सुटी झाली की वाफसा आला.

चातुर्मासात साधू-साध्वींचा विहार थांबतो. पायी चालणाऱ्यांनीही एका स्थानी राहावे, असे हे चार महिने. परंतु शेतीच्या दृष्टीने सर्वाधिक ये-जा याच काळात असते. पेरणी, कोळपणी, खते, फवारणी, आजारी जनावर, माहेरी आलेली बाळंतीण, यांपैकी कोणाचेही काम वाफशासाठी खोळंबून राहत नाही.

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याचा उतार साधारणपणे उत्तरेकडील अजिंठ्याच्या डोंगररांगांपासून दक्षिणेकडील गोदावरीपर्यंत आहे. भोकरदन आणि जाफराबादकडे जमीन खडकाळ, चढउताराची; पूर्णा आणि तिला मिळणारे ओढे तेथे वाटा कापून जातात. मध्ये दुधना आणि कुंडलिका. जुना जालना आणि नवा जालना या दोहोंच्या मधून वाहणारी कुंडलिका आज शहराच्या गर्दीत सहज नजरेआड होते. अंबडची मत्स्योदरी मागे टाकून घनसावंगी, जांब समर्थ या बाजूंनी गोदाकाठाकडे उतरू लागले की मातीचा थर जाड होत जातो, आणि पावसाळ्यात वाहनाची खरी परीक्षा तेथेच होते.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण येथील बाजारपेठेच्या वैभवातून आली. या बाजारपेठेला स्वातंत्र्योत्तर काळात बियाण्यांनी नवी ओळख दिली. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्याच्या शेतीत एक अडचण असते, तिची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. पीक फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास शेतातील भेसळ रोपे ओळखून उपटावी लागतात आणि पाहणी करावी लागते. ते थोडे दिवस हुकले तर परागकण उडतात आणि उभे पीक बियाणे म्हणून बाद होऊन साध्या धान्याच्या भावात जाते. खरिपाचा फुलोरा येतो तो श्रावण-भाद्रपदात, म्हणजे पाणंदी बंद असण्याच्या ऐन दिवसांत. त्या आठवड्यात शेतापर्यंत कोणीतरी पोहोचलेच पाहिजे. चारही चाकांना बळ देणाऱ्या वाहनाची या जिल्ह्यातील प्रतिष्ठा अशा गरजांतून समजून घ्यावी लागते. तिचा उगम हौसेत नाही.

हे वाहन म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेतील विलिस-ओव्हरलँड कंपनीने ती तयार केली. भारतात तिला आणण्याचे श्रेय जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र या महिंद्र बंधूंकडे जाते. १९४५ मध्ये त्यांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीने ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ हे नाव धारण केले. १९४९ मध्ये मुंबईच्या माझगाव भागात जीपची जोडणी होऊ लागली. पुढे आलेल्या ‘सीजे-३बी’चे उंच इंजिन मावावे म्हणून तिचे बॉनेटही उंच केले होते, खेड्यापाड्यांतील जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर ‘जीप’ म्हटले की जो चेहरा येतो, तो हाच. नंतर सीजे-३४०, एमएम-५४०, मेजर, कमांडर अशी तिची वंशावळ वाढत गेली. सरकारी खात्यांच्या आणि लष्कराच्या लिलावांतून निघालेल्या जीपगाड्या शेतकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या अंगणांत आल्या व तेथेच म्हाताऱ्या झाल्या.

जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असतात. एकाने पुढचा आस इंजिनाला जोडला जातो, दुसऱ्याने वेग घटून ओढ वाढते. नव्या मालकाला हे दांडे केव्हा ओढावेत हे सांगण्यापूर्वी केव्हा ओढू नयेत हे सांगण्याची जाणत्या मिस्त्रींची रीत असते, आणि ती योग्यच आहे. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून फिरतात, म्हणून त्यांना अधिक अंतर कापावे लागते. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक आपोआप भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते. मग तो ताण शाफ्टमध्ये आणि गिअरच्या दात्यांत साठत जातो. अशा रीतीने डांबरी रस्त्यावर ‘फोर व्हील’ टाकून चालवलेली जीप मालकाच्या फुशारकीची किंमत एके दिवशी तुटलेल्या दात्याने वसूल करते.

या प्रश्नाला जपानने वेगळे उत्तर शोधले. तेथील ईशान्य भागात वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीला हिवाळ्यात बर्फातून डोंगराळ प्रदेशात कर्मचारी पाठवावे लागत. उघडी जीप थंडीत नकोशी, आणि साधी मोटार बर्फात निकामी. या मागणीतून सुबारूने चारही चाकांना बळ असलेली बंदिस्त कौटुंबिक मोटार घडवली आणि १९७२ मध्ये ‘लिओनी’ गाडीचे तसे रूप बाजारात आणले. सुबारू हे कृत्तिका नक्षत्राचे जपानी नाव. तिच्या चिन्हावर सहा तारका असतात. अमेरिकेतील बर्फाळ प्रांतांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही मोटार परिचयाची असते. वीस-वीस वर्षे जुन्या सुबारू तेथे मोठ्या निष्ठेने सांभाळल्या जातात. भारतात मात्र तिला स्वतःच्या नावाने बाजार मिळाला नाही. २००३ च्या सुमारास तिची ‘फॉरेस्टर’ ही गाडी शेवरलेच्या नावाने येथे काही काळ विकली गेली. गाडी उत्तम होती. पण इंजिन आडव्या सिलिंडरांचे, घडण वेगळी आणि सुटे भाग परदेशी. ज्या गाडीचा भाग तालुक्याच्या गावी मिळत नाही, ती काळ्या मातीत कितीही सरस ठरली तरी जालन्यात टिकू शकत नाही. जीपचा एखादा बुश किंवा बेअरिंग जालन्यातील दुकानात नसला तरी संभाजीनगरहून सायंकाळच्या एसटीने येऊ शकतो, आणि अगदीच न मिळाल्यास लेथवर तो घडवणारा कारागीर गावात असतो.

कृत्तिकेशी जीपचा येथे दुसराही एक संबंध आहे. मे महिन्याच्या मध्यास सूर्य त्या नक्षत्रात असतो, नंतर रोहिणी, आणि मग मृग. शहाणा मालक जीपची डागडुजी कृत्तिकेतच उरकून घेतो, कारण पाऊस पडल्यावर मिस्त्रीला उसंत नसते. पुढच्या चाकांचे किंगपिन आणि त्यांची बेअरिंगे, शाफ्टचे क्रॉस, कमानपाट्यांचे बुश, प्रत्येक ठिकाणी जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरायचे. आसाच्या हौसिंगमधील तेल थोडे काढून पाहायचे. ते दुधाळ दिसले तर गेल्या पावसाळ्यातील ओढ्याचे पाणी आत शिरलेले आहे, असे समजावे. हौसिंगवरील हवा सोडणारी इवलीशी नळी चिखलाने बुजली की हे घडते. ओढ्यात शिरताच तापलेले हौसिंग एकाएकी थंड होते, आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. काही रुपयांच्या नळीकडे दुर्लक्ष झाल्याने हजारोंचे गिअर गंजतात. ब्रेकचेही तसेच. ड्रममध्ये पाणी व गाळ गेल्यावर पहिले काही पावलांचे ब्रेक लागतच नाहीत. म्हणून ओढा ओलांडताच हळू चालवत ब्रेक दाबून ते वाळवून घेण्याची सवय जुन्या चालकांच्या अंगी मुरलेली असते. आणि सर्वांत वाईट म्हणजे उभी जीप. चासीच्या कोनाकोपऱ्यांत राहिलेली माती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. उंदीर वायर कुरतडतात. आठवड्यातून एकदा दोन मैल चालवलेली जीप गोठ्यात झाकून ठेवलेल्या जीपपेक्षा अधिक जगते.

बदलांविषयी येथे दोन पंथ आहेत. पहिला गरजेचा. मूळ पेट्रोल इंजिनाची तहान न परवडल्यामुळे अनेकांनी डिझेल इंजिने बसवून घेतली. कंपनीनेही पुढे प्यूजोच्या परवान्याची २११२ सीसी क्षमतेची डिझेल इंजिने आपल्या जीपमध्ये वापरली. वयोवृद्ध मालकाच्या खांद्यांसाठी पॉवर स्टिअरिंग, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागे ओढण्यासाठी भक्कम हूक, हे सर्व या पंथातले. दुसरा पंथ दर्शनाचा. रुंद टायर, उंच उचललेली बॉडी, छपरावर दिव्यांची माळ. लग्नाच्या वरातीत अशी जीप शोभते. परंतु जुन्या सोळा इंची अरुंद टायरमागे विचार होता. तो वरचा पातळ चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो. रुंद टायर तरंगतो, आणि मडगार्डला घासू लागला की तेथेच माती कोंबून घेतो. शिवाय उचललेल्या बॉडीमुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि कलत्या बांधावर गाडी उलटण्याचे भय वाढते.

कायद्याने दोन्ही पंथांना आवरले आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि इंजिन बदलायचे झाल्यास परिवहन कार्यालयाची मंजुरी व नोंद लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. वयाचा प्रश्न तर आणखी अवघड आहे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी दहा हजार झाले. वर्षाकाठी चार महिने शेतवाटेवर चालणाऱ्या जीपच्या मालकाला हा खर्च बोचतो. त्याची तक्रार निराधार नाही. चाळीस वर्षांची सुस्थितीतील जीप आणि दहा वर्षांची दुर्लक्षित जीप यांत धोकादायक कोणती, याचे उत्तर जन्मतारखेत सापडत नाही.

तरीही तपासणीला विरोध करणे हे जीपप्रेमाचे लक्षण मानता येणार नाही. जुलै २०२४ मध्ये पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची काळी-पिवळी राजूर रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली आणि काही जणांना प्राण गमवावे लागले. आषाढीहून माणसे घरी येत होती. त्या अपघाताची कारणे काहीही असोत, राजूर, भोकरदन, मंठा, परतूरच्या रस्त्यांवर अशाच वाहनांत दाटीने बसून प्रवास करणारी शेकडो कुटुंबे आजही आहेत. ज्या वाहनात दुसऱ्याची मुलेबाळे बसतात, त्याचे ब्रेक मालकाच्या विश्वासावर सोडता येत नाहीत. आणि समृद्धी महामार्गावर, जेथे मोटारी ताशी १२० किलोमीटरने जातात, तेथे पाटा-कमानीच्या जुन्या जीपने जाऊच नये. तिचे क्षेत्र त्या मार्गाच्या पुलाखालून जाणाऱ्या पाणंदीचे आहे. शासनाने २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेखाली या पाणंदी मजबूत करण्याचे काम हाती घेतले. ते जसजसे पुढे जाईल तसतशी जीपची गरज ओसरेल, आणि त्याचे दुःख मानण्याचे कारण नाही.

तोवर मात्र जालन्यात एक विलक्षण शेजार आहे. औद्योगिक वसाहतीतील विजेच्या भट्ट्या भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार करतात. देशभर विकल्या जाणाऱ्या जालन्याच्या सळयांत कितीतरी मोडक्या वाहनांचे लोखंड मिसळलेले असते. कागदपत्रे संपलेली जीप शेवटी याच रस्त्याला लागते. वजनकाट्यावर तिचे नाव, साल, मॉडेल यांना काही अर्थ राहत नाही. किलोचा भाव तेवढा ठरतो. भंगाराच्या आवारात गाडी कापली जाण्यापूर्वी जुने मिस्त्री चक्कर मारून जातात. गॅस कटर पेटण्याआधी ते दोन दांड्यांची ती पेटी, पुढच्या आसाचे गोळे, धडधाकट राहिलेला एखादा क्रॉस निवडून बाजूला काढतात, लोखंडापेक्षा थोडा जास्त भाव देतात आणि चिंध्यांत गुंडाळून घेऊन जातात. घनसावंगीकडच्या कोणाची तरी जीप त्या पेटीसाठी विटांवर उभी असते, आणि बाजरी फुलोऱ्यावर यायला आठ दिवस उरलेले असतात.