चित्ता पळतो, वाघ लपतो

मुलांनो, आमच्या शाळेत वर्षातून एकदा तरी कुणीतरी धापा टाकत येतो आणि सांगतो, "सर, काल आमच्या वाडीत चित्ता आलता!" मग मी चित्रांचा तक्ता काढतो. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. बिबट्याचे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे असतात. मुले लगेच बिबट्यावर बोट ठेवतात.

चित्ता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात नाही. भारतातून तो नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, ताडोबात का नाही आणले?"

उत्तर चित्त्याच्या शरीरातच आहे. हलके अंग, लांब पाय आणि धनुष्यासारखी वाकणारी पाठ. त्याची नखे पूर्ण आत जात नाहीत, त्यामुळे खिळ्यांच्या बुटांसारखी जमिनीत रुततात. वळताना लांब शेपटी तोल सांभाळते. तो ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावतो, पण काही सेकंदच! त्याला हवे मोकळे गवताळ रान. आपल्या साग-बांबूच्या दाटीत असा धावला, तर बांबूच्या बेटावरच आपटेल.

आपला वाघ याच्या अगदी उलट. तो पळून नव्हे, लपून शिकार करतो. पायाला मऊ गाद्या आणि नखे आत ओढलेली, म्हणून वाळक्या पाल्यावरही आवाज होऊ देत नाही. पट्टे बांबूच्या सावल्यांत मिसळून जातात. आपल्याला तो केशरी दिसतो, पण चितळ-सांबरांना तो रंग ओळखता येत नाही. त्यांना वाघ झुडपासारखाच वाटतो! अगदी जवळ आला, की मागून किंवा बाजूने झेप घेतो.

हे नुसते परीक्षेपुरते नाही. मोहफुले वेचताना आणि तेंदूपाने तोडताना माणूस खाली वाकतो. वाकलेला माणूस मागून चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, असे जाणकार सांगतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाघ मागून येतो, म्हणून सुंदरबनातल्या लोकांनी डोक्याच्या मागे मुखवटे बांधून पाहिले होते.

आपण काय करायचे? उजाडल्याशिवाय रानात जायचे नाही. एकट्याने तर नाहीच. चौघे वेचत असतील तर पाचव्याने उभे राहून चारी बाजूंना पाहायचे. मोठ्याने बोलत राहायचे. माकड खेकसले, चितळ ओरडले, तर टोपली तिथेच ठेवून सगळ्यांनी मिळून परत फिरायचे. वाघ दिसलाच तर पाठ दाखवून पळायचे नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचे.

यंदा मोह गळू लागला, की आईला एवढे नक्की विचारा, "आज उभे कोण राहणार?"