डेव्हन अ‍ॅव्हेन्यूजवळची पॅरिश शाळा

शिकागोच्या उत्तर भागात जुन्या कॅथलिक चर्चला लागून बहुधा एक विटांची शाळा असते. 1884 साली बाल्टिमोरला बिशपांची परिषद भरली आणि दोन वर्षांत प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविकवस्तीने, स्वतःची शाळा काढावी असं ठरलं. सरकारी शाळांतलं वातावरण तेव्हा प्रॉटेस्टंट होतं. आयरिश, जर्मन, पोलिश मजुरांनी पै-पै जोडून या इमारती उभ्या केल्या. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानांतून परतताना आपली मराठी कुटुंबं आज त्याच फाटकांशी थबकतात. मुलगी पाच वर्षांची झाली आणि आम्हीही थबकलो.

*

आईचा फोनवरचा पहिला प्रश्न : "अगं, पोरीला बाटवणार तर नाहीत ना?" तिची स्वतःची भाचरं मुंबईत कॉन्व्हेंटात शिकली, पण परक्या मुलखात भीती वाढते. तिला मी उडवून लावलं नाही, कारण फरक खरोखरच आहे. भारतात घटनेचं 28 वं कलम सांगतं की सरकारमान्य वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षण घ्यायला लावता येत नाही. इथल्या खासगी शाळेवर असं बंधन नाही. धर्माचा तास गणिताइतकाच सक्तीचा असू शकतो. म्हणून सही करण्याआधीच विचारायचं.

*

काय विचारायचं? रोजच्या प्रार्थनेबद्दल विचारून फारसं हाती लागत नाही. दुसरीच्या वर्गाबद्दल विचारावं. त्या वर्षी कॅथलिक मुलं पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादविधीची, तयारी करतात. पांढरे फ्रॉक, आजी-आजोबा, फोटो, भेटी. वर्गात पंधरा मुलं असतील आणि त्यातली बारा या तयारीत असतील, तर उरलेल्या तिघांनी ते महिने कसे काढायचे? मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी इतर धर्मांची मुलं बाकावर बसतात की छातीवर हात दुमडून आशीर्वादासाठी पुढे जातात? आणि हे कोण ठरवतं, मूल, पालक की बाई? एका मुख्याध्यापिकेने या प्रश्नांवर वही उघडून मागच्या वर्षी काय केलं ते नीट सांगितलं. दुसरीकडे "आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे" एवढंच ऐकलं. मला पहिली शाळा आवडली, आणि तिथे धर्म जास्त होता, कमी नव्हे. ज्यांची श्रद्धा पक्की असते त्यांना दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल बोलायला संकोच वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

*

पटसंख्याही विचारायची. मागच्या पाच वर्षांची, वर्गवार. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत बावन्न लाखांवर मुलं होती, आता सतरा लाखांच्या आसपास. पूर्वी नन जवळजवळ विनावेतन शिकवत. आता शिक्षक बहुतेक सगळे संसारी आहेत आणि त्यांना पगार द्यावाच लागतो. इलिनॉय राज्यातली करसवलतीवर चालणारी शिष्यवृत्तीही 2023 अखेर संपली. छोटी शाळा पैशाने नाजूक असते, हे धरूनच चालायचं. मार्गारेट ब्रिनिग आणि निकोल गार्नेट यांनी शिकागोतल्या बंद पडलेल्या कॅथलिक शाळांचा अभ्यास केला. 2014 च्या त्यांच्या पुस्तकात दिसतं ते हे, की शाळा गेल्यावर आजूबाजूच्या वस्तीतला एकोपाही विरतो.

*

ज्या मुलाला वाचा-उपचार किंवा जास्तीची मदत लागते, त्याच्या पालकांना मी सरकारी शाळाच सुचवीन. विशेष शिक्षणाचा वैयक्तिक हक्क तिथे मिळतो. खासगी शाळेत पाठवलं की केंद्रीय निधीतला मर्यादित वाटाच येतो, आणि अपंगांसाठीच्या 1990 च्या कायद्यातून धार्मिक संस्थांनी चालवलेल्या शाळा वगळलेल्या आहेत. अशा शाळेत माया असते, पण तज्ज्ञ माणूस बहुधा नसतो. मायेवर उच्चार सुधारत नाहीत.

*

लहान वर्गाच्या दोन बाजू आहेत. आठवीपर्यंत तीच मुलं. जमलं तर भावंडंच होतात. नाही जमलं तर बदलायला दुसरी तुकडी नसते.

*

लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी अनेक पॅरिशच्या तळघरात मासळीचं जेवण असतं, शाळेच्या मदतीसाठी. शाळा पाहायला ठरवून दिलेल्या दिवसाआधी तिथे जाऊन जेवावं. पालक मुलांना वाढत असतात, आणि कुणाचंही मूल सांडलवंड करू लागलं की जवळचा मोठा माणूस त्याला नावाने हाक मारतो. किती मोठ्यांना किती मुलांची नावं येतात, हे तिथे तासाभरात कळतं. आम्ही अर्ज भरला तो तिथून आल्यावर.