टायर फुटला, साहेब

विम्याच्या दाव्याच्या फॉर्मवर ‘अपघात कसा घडला’ असा एक रकाना असतो. महामार्गावर ठोकलेली गाडी असली की त्यात एक वाक्य हमखास येतं: ‘टायर फुटल्याने गाडीवरील ताबा सुटला.’ गॅरेजमध्ये भेटलेला ड्रायव्हरही तेच सांगतो, "टायर फुटला, साहेब." मी विमा सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या गाड्यांभोवती फिरणं हाच माझा धंदा. हे वाक्य मी खोटं मानत नाही, पण पुरंही मानत नाही. ते सगळ्यांच्या सोयीचं आहे. त्यात ड्रायव्हरची झोप नसते, वेग नसतो, मालकाचा कंजूषपणा नसतो. टायर बिचारा उलट बोलत नाही, असा सगळ्यांचा समज असतो.

पॉलिसीला मात्र टायरचं फारसं प्रेम नाही. नुसता टायर फुटला आणि गाडीला काही झालं नाही, तर साध्या पॉलिसीत एक पैसा मिळत नाही. टायरबरोबर गाडीलाही मार बसला, तर टायरच्या किमतीचे निम्मे मिळतात. हे ऐकून लोक माझ्याकडे असे बघतात की जणू नियम मीच केलाय.

टायर फुटणं ही ‘दैवी आपत्ती’ आहे, असं म्हणत एक विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या एका गाडीचा मागचा टायर फुटला, गाडी खोल दरीत गेली आणि आतला एक प्रवासी जागीच ठार झाला. न्यायाधिकरणाने त्याच्या कुटुंबाला सव्वा कोटीची भरपाई दिली. टायर फुटणं ही देवाची करणी, आमचा काय दोष, असा कंपनीचा युक्तिवाद होता. २०२३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. टायर फुटतो त्यामागे वेग, कमी किंवा जास्त हवा, जुना टायर, तापमान अशी कारणं असतात आणि निघण्याआधी टायर बघणं हे चालवणाऱ्याचं काम आहे, असं निकालात म्हटलं आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाला यात नवीन काही नव्हतं. फक्त आता ते कोर्टाच्या कागदावर आलं.

त्याच वर्षी १ जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. टायर फुटला, असं वाचलेल्या ड्रायव्हरने सांगितलं. अमरावतीच्या आरटीओच्या अहवालाने ते नाकारलं: रस्त्यावर ना रबराचे तुकडे होते, ना टायरच्या खुणा. वेगात टायर फुटला की तो रस्त्यावर काहीतरी ठेवून जातोच. सोललेली पट्टी, रबराचे तुकडे, आणि पुढे उघड्या रिमने खरवडलेली रेघ. काहीच नसेल, तर आधी धडक आणि मग टायर, असा क्रम असण्याची शक्यता मोठी.

आता खरोखर फुटतो तेव्हा काय होतं ते बघू. एखाद्या छोट्या कारचं चाक ताशी १२० किलोमीटर वेगाला सेकंदाला साधारण १७ फेऱ्या मारतं. प्रत्येक फेरीत टायरचा प्रत्येक भाग एकदा रस्त्यावर चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. तासाला साठ हजारांवर वेळा. लोखंडी तार वाकवून सरळ करत राहिलं की वाकते तिथे ती तापते, तसंच हे आहे. हवा बरोबर असली की वाकणं थोडं आणि उष्णताही थोडी. तयार होते तेवढी वाऱ्याला निघून जाते. हवा कमी असली की साइडवॉल जास्त दुमडते, उष्णता निघून जाण्यापेक्षा जास्त वेगाने साठते. त्यात पाच माणसं, डिकीत धान्याची पोती, वर कॅरिअर. रस्त्याला टेकणाऱ्या ट्रेडखाली पोलादी तारांचे दोन पट्टे असतात. त्यांच्या कडा टायरच्या खांद्याजवळ संपतात, आणि तो भाग सगळ्यांत जास्त तापतो. तिथे तार आणि रबर यांची पकड सुटायला लागते. सुटणं आठवडे, महिने चालू असतं. बाहेरून काही दिसत नाही. एखाद्या दिवशी स्टिअरिंग किंचित थरथरतं, आपण म्हणतो, बॅलन्सिंग करून घ्यायला हवं.

जुन्या हायवेवर गाव लागायचं, फाटक लागायचं, चहा व्हायचा. कुणाच्या मनात नसताना टायर निवायचे. समृद्धीच्या काँक्रीटवर नागपूरहून इगतपुरीकडे एका वेगाने तासन्‌तास जाताना ती उसंत मिळत नाही. ‘काँक्रीटमुळे टायर फुटतात’ हे म्हणणं मला पटत नाही ते यासाठीच. साध्या कारच्या टायरवर टी अक्षर असलं तरी तो योग्य हवा आणि योग्य वजनावर ताशी १९० किलोमीटरसाठी बनवलेला असतो. समृद्धीवरची मर्यादा १२० आहे. रस्ता टायरमधला दोष उघडा पाडतो, इतकंच.

उन्हाने हवा फुगून टायर फुटतो, हा दुसरा आवडता समज. हिशेब करून बघा. सकाळी ३० अंशांना ३३ पीएसआय हवा भरली आणि ती ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब पाचेक पीएसआयने वाढतो. धडधाकट टायर त्याच्या कितीतरी पट सोसतो. पण लोक हा समज धरून उन्हाळ्यात मुद्दाम चार-पाच पॉइंट हवा कमी ठेवतात, म्हणजे नेमका उलटा उपाय करतात. नायट्रोजनवाल्याला पैसे देऊन निश्चिंत होणाऱ्यांनाही सांगायचंय, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

कमी हवेने किती माणसं जाऊ शकतात, याचा मोठा धडा अमेरिकेत मिळाला. फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर फायरस्टोनचे टायर होते. फोर्डने शिफारस केलेला दाब होता अवघा २६ पीएसआय. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडासारख्या उष्ण राज्यांत ट्रेड सोलून निघू लागले, गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत मागवले गेले. २७० हून जास्त मृत्यूंशी त्यांचा संबंध जोडला गेला. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्या भांडत राहिल्या. त्यातून झालेल्या कायद्यामुळे तिथे गाडीत हवेचा दाब दाखवणारा दिवा सक्तीचा झाला. आपल्याकडे तो पिवळा दिवा लागला की तो घालवायचा कसा, असं शोरूमला विचारणारे भेटतात.

टायर उलट बोलतो, फक्त फुटल्यावर. कमी हवेवर चाललेल्या टायरच्या आत हात घातला की काळी भुकटी लागते. आतल्या अस्तरावर सुरकुत्यांचा गोल पट्टा असतो, कधी निळसर झाक. पोलादी पट्टा सुटलेला असेल, तर फाटलेल्या पृष्ठभागाचा एक भाग घासून गुळगुळीत झालेला दिसतो आणि बाकीचा खरखरीत, ताजा. गुळगुळीत भाग म्हणजे जुनं दुखणं. तिथे दोन थर कितीतरी दिवस एकमेकांवर घासत होते. पंक्चरला बाहेरून पट्टी ठोकून भागवलेलं असेल, तर तिथून पाणी शिरून तारा गंजलेल्या सापडतात. साइडवॉलला फुगा आलेला टायर तर उघडपणे सांगत असतो की खड्ड्यात आतल्या दोऱ्या तुटल्यात. आणि धडकेत फाटलेल्या टायरची फाट स्वच्छ असते, तिच्यासमोर रिम वाकलेली असते, बाकी टायर ठणठणीत. असा टायर समोर असताना ‘ताबा सुटला’चं वाक्य मी कसं मान्य करू?

पुढचा टायर फुटला तर गाडी त्या बाजूला ओढते, पण हातातल्या स्टिअरिंगला ते कळतं. मागचा फुटला तर मागचं धूड बाजूला सरकतं आणि स्टिअरिंगला आवरत नाही. म्हणून दोनच नवे टायर घेतले तर ते मागे टाकावेत. आपल्याकडे सर्रास पुढे टाकतात, आणि माझं ऐकून एकाही दुकानदाराने सवय बदललेली नाही.

फुटल्यावर पाय ब्रेककडे जातो. १२० च्या वेगाला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. फुटलेलं चाक स्वतःच एका कोपऱ्यावर लागलेला ब्रेक असतं; वर तुम्ही ब्रेक मारलात की भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गिरकी घेते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर झटक्यात सोडायचा नाही, वेग आपोआप उतरू द्यायचा. घाईने कडेच्या मातीत घातली तर रिम रुतते आणि गाडी पलटी खाते. पलटीत बेल्ट न लावलेला मागचा माणूस बाहेर फेकला जातो. असे पंचनामे वाचणं मला आजही जड जातं.

थांबल्यावर हॅझर्ड लावून सगळ्यांनी गार्डरेलच्या पलीकडे उभं राहायचं. उजवीकडचं चाक, म्हणजे वाहतुकीच्या बाजूचं, स्वतः बदलायला बसू नका, मदत बोलवा. आणि स्टेपनी! चारही टायर बदलणारा माणूस ती तशीच ठेवतो. साइडवॉलवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीचे आकडे वाचून मालक अनेकदा स्वतःच चकित होतात. काही गाड्यांत ती लहान, तात्पुरती असते आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते. ती लावून उरलेली समृद्धी १२० ने संपवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या फॉर्मवरही तेच वाक्य होतं.